गळाला लागलेला कुकर

मी गरवून आणलेला मासा आमच्या घरात कधी शिजला, अशी आठवण घरातल्या कोणालाच नाही. मलाही नाही, पण मी ते बोलून दाखवत नाही. गरवणं म्हणजे गळाला कोळंबी लावून तो पाण्यात सोडायचा आणि काठावर बसून राहायचं. रत्नागिरीत याला कोणी काम म्हणत नाही. "गेलाय गरवायला," असं म्हणतात, आणि म्हणताना हात झटकतात. मी गेली कित्येक वर्षं दर रविवारी सकाळी मांडवीच्या जेटीवर हे करत आलोय, आणि परतताना वाट वाकडी करून मिरकरवाड्याच्या मासळी बंदरावरून बांगडे विकत घेत आलोय. सुरुवातीला ते मीच पकडले असं सांगायचो. पण गळाला लागलेल्या बांगड्याच्या कल्ल्यात बर्फ कसा, हे आमच्या हिने लग्नाच्या पहिल्याच वर्षी विचारलं आणि तो विषय तिथेच मिटला.

जेटीवर आम्ही चौघे. मास्तर हे पीटीचे मास्तर, आता निवृत्त. शाळा सुटली, पण शिट्टी वाजवल्यासारखं बोलणं सुटलं नाही. कंट्रोलर हे एस.टी. स्टँडवर गाड्या सोडायचे. आता समुद्रात गळ सोडतात, आणि तोही वेळेवर परत येत नाही. केमिस्टाचं औषधांचं दुकान आहे आणि त्याच्याकडे जपानी रॉड आहे. त्या रॉडला तो इतका जपतो की ओरखडा पडू नये म्हणून मासेच त्याच्यापासून लांब राहत असावेत. चौथा मी. सरकारी कचेरीतला कारकून, वयाने सगळ्यांत लहान, म्हणजे पन्नाशी उलटलेला.

मासे लागतच नाहीत असं नाही. शिंगाळा लागतो, तो काटा मारतो. केंड लागतो, तो हातात आला की फुग्यासारखा फुगतो आणि खाल्ला तर खाणाऱ्यालाच आडवा करतो. पण आमची खरी ख्याती वेगळ्या मालाची. डाव्या पायाच्या चपला आम्हाला इतक्या लागल्या की कंट्रोलर एकदा म्हणाले, "मेलं हे अख्खं गाव लंगडत चाललंय की काय?" एकदा केमिस्टाच्या जपानी रॉडला फुलाफुलांचा गाऊन लागला, तो वर येताना वाऱ्याने असा फुगला की मास्तरांनी भल्या माणसासारखं तोंड फिरवलं आणि मग हळूच परत वळवलं.

एकदा माझ्या गळाला काहीतरी रुंद, जड, पसरट माशासारखं लागलं.

"पाकट आहे, पाकट! ढील दे!" केमिस्ट ओरडला.

ओढून वर आणलं तर आधी पांढरेशुभ्र दात दिसले, मग जोडलेले हात. कुणा भावी नेत्याच्या वाढदिवसाचा बॅनर. गळ नेमका नाकात.

"हा पडला होता ना रे मागच्या टायमाला?" मास्तरांनी विचारलं.

"पडलेला. आता वर आला," कंट्रोलर म्हणाले, "आणि तोही आपल्या ह्याच्या पाठिंब्यावर."

समोरून ट्रॉलर मिरकरवाड्याकडे परतत असतात. त्यावरचे खलाशी आम्हाला ओळखतात. रात्रभर खऱ्या समुद्रात राबून आलेली ती माणसं आमच्याकडे बघून जरा ताजीतवानी होतात. "काय काका, आज चप्पल की बूट?" अशी हाक येते. आम्ही हात हलवतो. दुसरं काय करणार?

असली वस्तू वर आली की तिचं गाऱ्हाणं घालायचं ही आमची रीत. देवळात गुरव देवापुढे गाऱ्हाणं घालतो आणि बाकीचे 'व्हय म्हाराजा' म्हणतात, तसंच. मास्तर कंबर सरळ करून उभे राहत आणि सावधान-विश्रामच्या आवाजात सुरू करत, "बा समुद्रदेवा म्हाराजा! ह्या तुझ्या लेकरानं तुझ्याकडं तांबोशी मागितलान, आणि तू त्याच्या पदरात कमोडचं झाकण टाकलंस..."

"व्हय म्हाराजा!"

"तर तो ते गोड मानून घेतोय. आणि ज्या कोणाचं हे झाकण असेल, त्याला तू उघड्यावर पाडलंस, तरी त्याचं घरदार सुखी ठेव..."

"व्हय म्हाराजा!"

गाऱ्हाणं संपलं की वस्तू ज्याच्या गळाला लागली त्याने ती घरी न्यायची. परत पाण्यात टाकायची नाही. हा मास्तरांचा नियम. "समुद्र म्हणजे काय तुमच्या वाडवडलांची कचराकुंडी आहे?" असं ते आम्हा तिघांना विचारत, जणू आम्हीच रात्री येऊन टाकून जातो. आणि पुढचं कलम : जो परत टाकील तो जेटीवरून बाद. कायमचा.

नियम आम्हाला फार आवडला. आमच्याकडे लोक निर्माल्य, फुटके देवांचे फोटो, जुनी कॅलेंडरं समुद्रात टाकतात ती हात जोडून. उरलेला कचरा हात न जोडता. त्या गावात काढणारे फक्त आम्ही. केमिस्ट दर रविवारी आमचा आणि त्या दिवशीच्या मालाचा फोटो स्टेटसला ठेवी, खाली 'सागरसेवा' असं लिही. हळूहळू आम्हाला वाटू लागलं की आम्ही मासे पकडायला जातच नव्हतो, समुद्र वाचवायला जात होतो. मासे न मिळण्याचं याहून चांगलं कारण मला अजून सुचलेलं नाही.

आता वस्तू घरी नेल्यावर तिचं काय होतं, हा प्रश्न आमच्यापैकी कोणालाच पडला नाही. घरी नेलेली वस्तू मागच्या दारी ठेवायची आणि विसरायची, हे सगळ्याच नवऱ्यांचं बहुधा सारखं असावं. मी तरी एका वस्तूचा संसार मांडला होता. मला प्रेशर कुकर लागला होता, बिनझाकणाचा. त्याला मी निळा ऑइलपेंट दिला आणि त्यात शेवंती लावली. गणपतीत तिघे घरी आले तेव्हा कौतुकाने दाखवलीही. कंट्रोलर म्हणाले, "शिट्टी झाली की फूल येतं का रे?" कुकर निळा, शेवंती मरतुकडी, पण सगळ्यांनी बघितलेला. हे नंतर मला महागात पडलं.

आणखी एक गंमत त्या वर्षी व्हायला लागली होती. मला एक लाल हेल्मेट लागलं. काही रविवार गेले आणि कंट्रोलरांना लाल हेल्मेट लागलं.

"जोडी असेल," मास्तर म्हणाले. "नवरा-बायकोची."

पावसाळा उलटला आणि केमिस्टालाही लाल हेल्मेट लागलं.

"मुलगा असेल त्यांना," कंट्रोलर म्हणाले.

आम्ही चार शिकलेली माणसं. तिन्ही हेल्मेटांवर डाव्या कानाशी पोपटाचंच स्टिकर होतं, आणि आम्ही त्या कुटुंबाच्या आवडीनिवडीवर बोलत बसलो.

मग तो रविवार आला. कंट्रोलरांच्या गळाला इतकं जड काही लागलं की आम्ही तिघांनी मिळून दोर ओढला. वर आली एक तांदळाची गोण. तोंड एका टी-शर्टने आवळलेलं. गाठ सोडायच्या आधीच मी ओळखलं, टी-शर्ट माझा होता. आमच्या कचेरीच्या क्रीडास्पर्धेत मला कॅरममध्ये मिळालेला. पाठीवर 'उपविजेता' असं छापलेलं. गाठही ओळखीची. पापडाची पिशवी कुणी तोंड घालू नये म्हणून आमच्याकडे जशी आवळतात, तशी.

गोणीतून आधी बॅनर निघाला, दातांसकट. मग दोन चपला, अर्थात डाव्या. मग तळाशी निळा कुकर. त्यात शेवंतीची काडी अजून उभी होती.

कोणी गाऱ्हाणं घातलं नाही. मास्तर माझ्याकडे बघत राहिले. शाळेत सिगरेट ओढताना पकडलेल्या पोराकडे बघावं तसे.

"हे तुझं?"

"माझंच दिसतंय."

"परत टाकलंस?"

"मास्तर, मी नाही... म्हणजे घरातून कोणी..."

"तुझ्या घरातून गेलं म्हणजे तूच टाकलंस. घर कोणाचं आहे?"

या प्रश्नाचं खरं उत्तर जेटीवर द्यायची माझी छाती नव्हती.

मला सगळं कळलं होतं. लांज्याहून माझी बहीण राहायला येणार म्हणून हिने मागचं दार लख्ख केलं होतं, आणि मी ते बघून 'वा' म्हटलं होतं. संध्याकाळी ही आणि या तिघांच्या बायका अशा चौघी जेटीवर फिरायला येतात. गोण कशी आणि कधी गेली हे सांगायला ज्योतिषी नको होता. मी एवढंच म्हणालो असतो की बायकोने टाकलं, तर कदाचित सुटलो असतो. पण बायकोचं नाव सांगून सुटलेला माणूस जेटीवर टिकतो, घरी टिकेलच असं नाही. म्हणून गप्प बसलो. त्यात मोठेपणा काही नव्हता.

"नियम म्हणजे नियम," मास्तर म्हणाले. "तू बाद."

"शिंच्या, जागा नव्हती तर सांगायचंस," केमिस्ट पुटपुटला. "माझ्या दुकानामागे ठेवला असता ना कुकर."  कंट्रोलरांनी गोण माझ्या स्कूटरच्या पायाशी ठेवून दिली, एवढंच.

लोकांना वाटेल, काय मोठंसं गेलं? मासे तसेही मिळत नव्हते. पण कचेरीत मला कोणी हसत नाही, कारण कोणी माझ्याकडे बघतच नाही. घरी हसतात, पण ते फक्त मलाच. चौघांत पाळीपाळीने हसू व्हावं आणि आपली पाळी गेली की दुसऱ्याला हसता यावं, अशी माझी जगात एकच जागा होती, आणि ती मी एका शेवंतीपायी घालवली होती.

गोण घेऊन मागच्या दाराने आत गेलो. ही तांदूळ निवडत बसली होती. तिने गोणीकडे बघितलं.

"आली परत?"

"आली."

"कोणाला लागली?"

"कंट्रोलरना. मला काढलं."

"कुठून?"

"जेटीवरून. कायमचं."

ती हसली. चांगलं डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. मग एकदम थांबली आणि तिने सूप खाली ठेवलं.

"म्हणजे आता रविवारी तुम्ही घरी?"

पुढचा रविवार मी घरी काढला. रिकामा बसलो नाही. स्वयंपाकघरातले डबे उंचीप्रमाणे लावले. मसाल्याच्या डब्यांना चिठ्ठ्या चिकटवल्या, त्यातल्या काही बरोबरही होत्या. मग हिला विचारलं की कडधान्यं तू डाव्या हाताला का ठेवतेस, आणि याला काही कारण आहे की नुसती सवय?  संध्याकाळी ही फिरून आली तेव्हा चेहरा निश्चयाचा होता.

त्याच्या पुढच्या रविवारी सकाळी ती म्हणाली, "रॉड घ्या. चला."

"अगं, मला काढलंय."

"बघते कोण काढतो ते."

जेटीवर पोचलो तर मास्तरीणबाई, कंट्रोलरांची बायको आणि केमिस्टाची बायको आधीच येऊन उभ्या. त्यांचे नवरे पाण्याकडे तोंड करून बसलेले. पाठीवर नजर रोखली गेल्याचं कळलेली माणसं जशी बसतात, तसे.

"मास्तर," ही म्हणाली, "ती गोण मी टाकली. ह्यांनी नाही. हे बोलले नाहीत कारण हे घाबरतात."

"मी घाबरत नाही," मी म्हणालो.

"गप्प बसा."

मी गप्प बसलो.

मास्तर उठले. "वहिनी, तुमच्याबद्दल आम्हाला आदर आहे. पण नियम..."

"नियम मला नका सांगू. तुम्ही समुद्र साफ करता, आणि तो सगळा समुद्र आमच्या मागच्या दारी आणून ओतता. आम्ही घर साफ करायचं नाही?"

"पण म्हणून परत समुद्रात?" केमिस्ट म्हणाला. "वहिनी, सुशिक्षित लोकांनी तरी..."

"तुम्ही बोलूच नका," त्याची बायको म्हणाली. "तो गाऊन कुठं आहे?"

"कुठला?"

"फुलाफुलांचा."

"घरीच असेल की."

"तर! आधी तुम्ही आणलात, मग कंट्रोलरभाऊजींकडे गेला, आणि गेल्या महिन्यात मास्तरांकडे पोचला. मेला सासुरवाशिणीसारखा घरं फिरतोय."

मास्तरांनी वळून आपल्या बायकोकडे बघितलं. त्या शांतपणे म्हणाल्या, "आणि कमोडचं झाकण दोनदा टाकलंय मी. दोनदा आलं वर. दुसऱ्या खेपेला तुम्ही त्याचं काय ते गाऱ्हाणं घातलंत, घरी येऊन मला म्हणून दाखवलंत. मी पदर तोंडात कोंबून ऐकलं."

"म्हणजे... तुम्ही सगळ्याच?"

"एकीला टाकायला लाज वाटते," कंट्रोलरांची बायको म्हणाली. "चौघींना नाही वाटत. आम्ही मिळून येतो. पुढच्या रविवारी हेल्मेट कोणाच्या घरी येणार, हे सुद्धा ओळखायचा खेळ असतो आमचा."

"हेल्मेट?" कंट्रोलर उभे राहिले. "तीन हेल्मेटं होती ती."

"एकच आहे हो ते. पोपटवालं."

कंट्रोलर परत खाली बसले. मग म्हणाले, "म्हणजे एकच गाडी तीनदा स्टँडात आली, आणि मी तीन गाड्यांची घोषणा केली."

कोणी हसलं नाही. एरवी या वाक्यावर आम्ही लोळलो असतो. पण वर्षभराची सागरसेवा डोळ्यांपुढून जात होती. एका हेल्मेटाची, एका गाऊनची आणि एका झाकणाची सेवा. आम्ही गावाला नावं ठेवत होतो आणि ज्यांना नावं ठेवत होतो ते आमचंच घर होतं.

"झालं?" ही मास्तरांना म्हणाली. "आता ह्यांना घेता ना परत?"

मास्तरांना ही शेवटची संधी होती. हसून सोडून दिलं असतं तर तिथेच संपलं असतं. पण त्यांनी ताठ उभं राहून सांगितलं, "वहिनी, ज्याच्या घरातून गेलं त्याने टाकलं, असा मी ह्याला निर्णय दिलाय. तो माझ्यासाठी बदलणार नाही. माझ्या घरातून गेलंय. मीही बाद. हे दोघेही बाद."

"म्हणजे उरलं कोण?" केमिस्टाने विचारलं.

"कोणी नाही."

चौघी एकमेकींकडे बघत राहिल्या. मग मास्तरीणबाई म्हणाल्या, "चला गं. ह्यांचं होऊ दे," आणि त्या नाश्त्याला निघून गेल्या. जाताना त्यांचं हसणं लांबपर्यंत ऐकू येत होतं.

त्यानंतरच्या रविवारी हिने मला रॉडसकट घराबाहेर काढलं. "बाद तर बाद, पण बाहेर बाद व्हा," म्हणाली. जेटी सरकारी आहे. बाद झालेल्या माणसालाही तिथे बसता येतं. पोचलो तर बाकीचे तिघे आलेले होतेच. पण मास्तर अगदी टोकाला, कंट्रोलर मधल्या खांबाशी, केमिस्ट पायऱ्यांवर. मी बऱ्यापैकी अंतर राखून बसलो. कोणी कोणाकडे बघत नव्हतं. चार माणसं एकाच समुद्रात चार वेगवेगळ्या गावची असल्यासारखी गळ टाकून बसली होती. ट्रॉलरवरून हाक आली, "काय काका, भांडलात काय?" कोणी हात हलवला नाही.

आणि तेवढ्यात माझा दोर ताणला गेला. मी गुंडाळत गेलो. काळं, लांब, काटकुळं असं काहीतरी वर यायला लागलं. छत्री होती. कापड अर्धं फाटलेलं, दांडा वाकलेला, आत शेवाळ. मी ती हातात धरून उभा राहिलो. आजवर काही वर आलं आणि आवाज झाला नाही, असं कधी घडलं नव्हतं. मी छत्री खाली ठेवली, पुन्हा उचलली. ती घरी न्यायची की नाही, हेही आता कोण सांगणार?

"काय लागलं रे?" टोकावरून मास्तरांचा आवाज आला. त्यांनी मान वळवलेली नव्हती.

"छत्री."



"उघडते का?" खांबाकडून कंट्रोलर.

"बघू काय?"

"बघ की. वाट कोणाची बघतोस?"

मी दांड्याचा खटका दाबला. छत्री अर्धी उघडली, सगळं खारं पाणी माझ्या डोक्यावर ओतलं गेलं, आणि काड्यांमधून एक कुर्ली धपकन खाली पडली. चांगली पंज्याएवढी, भरलेली. पडली ती नांग्या उगारून तिरकी पळत सुटली.

"अरे धर! धर तिला!" केमिस्ट पायऱ्यांवरून ओरडत वर आला.

"मागून धर, गाढवा, मागून!" मास्तर टोकावरून धावत निघाले.

कंट्रोलरांनी वाट अडवायला पाय पुढे टाकला आणि ती त्यांच्या चपलेला डसली. ते एका पायावर नाचत होते, केमिस्ट त्यांचा पाय धरून चप्पल ओढत होता, मी छत्रीने कुर्लीला टोचत होतो आणि मास्तर सगळ्यांना सूचना देत होते. मग कुर्लीने चप्पल सोडली, जेटीच्या कडेवरून उडी मारली आणि गेली.

चौघे वाकून पाण्याकडे बघत राहिलो.

"तुझ्यामुळे गेली," मास्तर मला म्हणाले.

"माझ्यामुळे? उघड म्हणालं कोण?"

"मी उघड म्हणालो, टोचायला कोण म्हणालं होतं?" कंट्रोलर म्हणाले. "आणि ह्यानं माझा पाय ओढलान म्हणून सुटली ती."

"पाय नाही, चप्पल ओढली," केमिस्ट म्हणाला. "आणि चप्पल उजव्या पायाची होती, म्हणून म्हटलं निदान ही तरी वाचवूया."

यावर मास्तरांना पहिल्यांदा हसू फुटलं. मग भांडण पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं : कुर्ली कोणाची होती, शिजवली असती तर नांग्या कोणाला मिळाल्या असत्या. ओहोटी लागली तरी ते चाललेलं होतं, आणि आपापल्या जागेवर परत जायचं कोणाच्या लक्षात राहिलं नाही.